अमेरिकी यादवीत दक्षिणेतील शेतकऱ्याच्या घरी दोन वर्षांतच उपासमार का आली?

नाशिकरोडची वाचक

नमस्कार. आमच्या नाशिकरोडच्या वाचनमंडळाने यंदा अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५), म्हणजे गुलामगिरीच्या प्रश्नावरून फुटून वेगळे सरकार स्थापणारी दक्षिणेतील राज्ये आणि उत्तरेतील राज्ये यांच्यातील युद्ध, हा विषय घेतला आहे. लढाया, सेनापती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे निर्णय यांवर बोलणारे पुष्कळ जण आहेत. माझ्या वाट्याला मागे राहिलेल्या घरांचा भाग आला असून त्यातील एक गोष्ट मला काही केल्या उलगडत नाही.

दक्षिणेतील राज्ये शेतीप्रधान होती. तेथील बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. ती आपल्या जमिनीत मका आणि रताळी पिकवीत, डुकरे रानात मोकळी सोडीत आणि कापूस घेतलाच तर चार पैसे हाती यावेत एवढाच घेत. म्हणजे खाण्यापुरते घरीच पिकवणारी ही माणसे होती. असे असताना, युद्धाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती तोच, १८ मार्च १८६३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील सॉल्सबरी गावी सैनिकांच्या बायका कुऱ्हाडी घेऊन व्यापाऱ्यांच्या दुकानांवर चालून गेल्या आणि पीठ, काकवी, मीठ घेऊनच परतल्या. पुढच्या पंधरवड्यात, २ एप्रिलला, दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये त्याहून मोठा दंगा झाला आणि दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना स्वतः रस्त्यावर येऊन गोळीबाराची धमकी द्यावी लागली.

सैन्याने सारे खाऊन टाकले, असे उत्तर सरसकट दिले जाते. परंतु उत्तरेचे सैन्य तर याहून मोठे होते, आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी त्याच काळात इंग्लंडला गहू पाठवला. मग फरक नेमका कशाने पडला? घरी राहिलेल्या बाईने शेती कशी रेटली आणि ती कुठे अडली? शक्य झाल्यास शेतीच्या अंगाने सांगावे, कारण मंडळातील निम्म्या सभासदांचा गावाकडे आजही कांदा किंवा द्राक्षबाग आहे आणि मोघम उत्तराने ते गप्प बसणारे नाहीत.

निवृत्त शिक्षक, सिन्नर

ताई, प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर रणांगणापेक्षा कायद्याच्या पुस्तकात अधिक सापडते. दक्षिणेच्या सरकारने १६ एप्रिल १८६२ रोजी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. त्यात १८ ते ३५ वयाचे गोरे पुरुष धरले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ही मर्यादा ४५ वर नेली, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये तर १७ ते ५० एवढी केली. ज्या घरात नांगर धरणारा बाप आणि हाताशी आलेला एक मुलगा, एवढीच कर्ती माणसे होती, त्या घरातून दोघेही गेले. एप्रिल महिना म्हणजे तिकडे मक्याच्या पेरणीचा हंगाम, हेही लक्षात घ्यावे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, त्या सैन्यातील तुकड्या गावोगावी आणि परगण्यापरगण्यात उभ्या राहिल्या होत्या. एका खोऱ्यातील सगळे तरुण एकाच तुकडीत असत. त्यामुळे एक घर अडचणीत आले तर शेजारचे घर धावून येईल, ही आपल्याकडील सावडीसारखी जी रीत तिथेही होती, ती मुळातूनच मोडली. कारण शेजारच्या घरातील पुरुषही त्याच दिवशी, त्याच तुकडीबरोबर गेलेला असे. गावचा लोहार, चांभार, पिठाच्या गिरणीचा चालक हेही सुरुवातीच्या उत्साहात स्वेच्छेने भरती होऊन गेले. पुढे ऑक्टोबर १८६२ मध्ये अशा कारागिरांना कायद्याने सूट मिळाली, तरी आधी गेलेल्यांना परत आणणे सोपे नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांच्याकडे बायकांचे जे अर्ज येत, त्यांत नवऱ्याला सोडावे अशी विनवणी तर असेच, पण आमचा लोहार तेवढा परत द्या, अशाही मागण्या असत. नांगराचा बोथट फाळ कुणी शेवटायचा (ठोकून धारदार करायचा), हा प्रश्न घरधन्याच्या गैरहजेरीइतकाच अवघड होता.

त्याच ऑक्टोबरात आणखी एक सूट मंजूर झाली, ती म्हणजे वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून वगळण्याची. गुलामांवर पहारा ठेवण्यासाठी ही सूट हवी, असे समर्थन केले गेले. लहान शेतकऱ्याच्या बायकोने याचा काय अर्थ लावला असेल, ते सांगण्याची गरज नाही. श्रीमंताचे युद्ध आणि गरिबाची लढाई, हे बोलणे तिकडे याच सुमारास सार्वत्रिक झाले.

उत्तरेतही माणसे गेली, आणि तिथेही ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सैन्यातून सुटण्याची सोय असल्याने जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कला भीषण दंगल उसळली. परंतु इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन या भागांत घोड्यांनी ओढायची कापणी यंत्रे युद्धापूर्वीच पोचली होती आणि शिकागोतील मॅकॉर्मिक यांचा कारखाना ती सतत पुरवीत होता. यंत्रावर बसून घोडे हाकणे बाईला किंवा बारा-चौदा वर्षांच्या पोराला जमत होते. विळ्याने वा कोयत्याने तेवढाच गहू कापणे जमले नसते. शिवाय युरोपातून येणारे स्थलांतरित थांबले नव्हते, रेल्वे शाबूत होती आणि मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळण्याची आशाही होती. म्हणून दोन्हीकडच्या बायकांनी सारखेच कष्ट उपसले, असे म्हणता येईल. कष्टांना साथ देणारी साधने मात्र एकाच बाजूला होती.

निफाडकर

गुरुजींनी माणसांचे सांगितले, मी मीठ आणि जनावरांचे सांगतो, कारण माझ्या मते ताईंच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे.

दक्षिणेतील शेतकरी कुटुंबाचा वर्षभराचा आहार मक्याची भाकरी आणि डुकराचे मांस असा होता. हे मांस रोज ताजे मिळत नसे. थंडी पडली की डुकरे कापायची, मांस मिठात मुरवायचे, मग अंगणातील एका बंदिस्त लाकडी खोलीत आढ्याला टांगून धुरी द्यायची आणि ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरवायचे, अशी त्यांची बेगमी असे. या सगळ्याचा आधार मीठ होते, आणि दक्षिण आपले बहुतेक मीठ बाहेरून आणत असे. इंग्लंडहून कापूस न्यायला येणारी जहाजे येताना भार म्हणून मीठ भरून आणीत. उत्तरेच्या आरमाराने बंदरे आवळली आणि ही आवक आटली. हाताशी मोठे उत्पादन केंद्र म्हणजे व्हर्जिनियातील सॉल्टव्हिल; बाकी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी कढयांत आटवीत, तर त्या भट्ट्यांवर आरमाराचे छापे पडत. सॉल्टव्हिलवर ऑक्टोबर १८६४ मध्ये हल्ला झाला तो परतवला गेला, पण डिसेंबरात तेही हातचे गेले.

याचा परिणाम घरात कसा दिसला पाहा. धुरी देण्याच्या खोलीची जमीन मातीची असे, आणि वर्षानुवर्षे वर टांगलेल्या मांसातून खारट पाणी ठिबकून ती माती खारलेली असे. बायकांनी ती जमीन खणली, माती पाण्यात कालवली, ते पाणी गाळले आणि चुलीवर आटवून त्यातून करड्या रंगाचे, मातकट मीठ काढले. दाण्याची टंचाई असताना डुकरे पोसणे कठीण, आणि पोसली तरी मिठाविना मांस टिकणार नाही, अशा दुहेरी कोंडीत ते घर सापडले. जॉर्जियासारख्या राज्यांनी सैनिकांच्या कुटुंबांना सवलतीत मीठ देण्याची व्यवस्था केली, यावरून प्रश्न किती गंभीर होता ते कळते. सॉल्सबरीच्या बायकांनी पिठाबरोबर मीठही नेले, त्याचे कारण हेच.

आता जनावरांकडे येतो. नांगराला तिकडे मुख्यतः खेचरे असत, आणि खेचरांची पैदास होई ती केंटकी, टेनेसी, मिसूरी या पट्ट्यात. हा पट्टा १८६२ पासूनच उत्तरेच्या ताब्यात जाऊ लागला. उरलेली खेचरे आणि घोडे दक्षिणेचेच सैन्य सक्तीने ताब्यात घेई; मार्च १८६३ च्या कायद्याने त्याला रीतसर रूप आले. भाव सरकारने ठरवायचा, तोही बाजारापेक्षा कितीतरी कमी, आणि पैसे कागदी. १८६५ च्या आरंभी सोन्याच्या एका डॉलरला पन्नासहून अधिक कागदी डॉलर मोजावे लागत असताना सैनिकाचा महिन्याचा ११ किंवा नंतरचा १८ डॉलर पगार घरी पोचून काय उपयोग होणार होता?

त्यात २४ एप्रिल १८६३ रोजी धान्यरूपी कर आला. घरखर्चासाठी १०० बुशेल मका किंवा ५० बुशेल गहू, शिवाय ठरावीक बटाटे-रताळी वगळून, राहिलेल्या पिकाचा दहावा हिस्सा सरकारला द्यायचा. १०० बुशेल मका म्हणजे साधारण २५ क्विंटल होतो. कागदावर हे फार जाचक वाटत नाही. परंतु धान्य स्वतःच्या गाडीने सरकारी कोठारापर्यंत पोचवायचे कुणी? गाडी आहे तर खेचर नाही, खेचर आहे तर हाकणारा नाही. आणि पोचवलेले धान्य पुढे रेल्वे मिळेना म्हणून कोठारात कुजल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या. आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांना लेव्हीच्या (सरकारने सक्तीने घेतलेल्या) ज्वारीचे दिवस विचारा. घेतलेल्या धान्यापेक्षा पडून सडलेले धान्य त्यांना जास्त बोचते.

नाशिकरोडची वाचक

गुरुजी आणि दादा, दोघांचेही आभार. यातून पुढचा प्रश्न निघतो. एवढी टंचाई होती तर कापूस सोडून सगळीकडे धान्यच का पेरले नाही? आणि घरच्या पत्रांमुळे सैनिक पळून आले असे म्हणतात, त्यात तथ्य किती?

निवृत्त शिक्षक, सिन्नर

धान्य पेरले, आणि पुष्कळ पेरले. जॉर्जियाने डिसेंबर १८६२ मध्ये दर मजुरामागे तीन एकरांपेक्षा अधिक कापूस लावण्यास बंदी घातली. इतर राज्यांनीही निर्बंध आणले आणि धान्यापासून दारू गाळण्यावर बंदी घातली. १८६१ मध्ये सुमारे ४५ लाख गासड्या असलेले कापसाचे पीक १८६४ पर्यंत तीन लाखांच्या घरात आले. तरी १८६२ साली अनेक भागांत अवर्षणाने मका गेला, हा एक भाग. आणि जिथे पिकला तिथून हलवता आला नाही, हा त्याहून मोठा भाग. रेल्वेमार्गांची रुंदी ठिकठिकाणी वेगवेगळी होती, झिजलेले रूळ बदलायला नवे रूळ मिळत नव्हते, आणि ४ जुलै १८६३ ला मिसिसिपी नदीकाठचे व्हिक्सबर्ग उत्तरेच्या हाती पडल्यावर नदीच्या पलीकडील टेक्ससहून येणारी गुरेही तुटली. नैऋत्य जॉर्जियात कोठारे भरलेली आणि व्हर्जिनियात पीठ मिळेना, अशी स्थिती होती.

पत्रांबद्दल मी जरा सावधपणे बोलेन. सैनिक पळण्यामागे पराभव, रोगराई आणि अन्नाची वानवा ही कारणेही होती. परंतु पेरणीला किंवा सुगीला घरी जाऊन, काम उरकून पुन्हा तुकडीत दाखल झालेले सैनिकही बरेच होते, आणि त्यांना फितूर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लष्कराच्या नोंदीत मात्र कायमचे गेलेले आणि परत आलेले, दोघेही पळपुटेच ठरले.

गोदातीर

चर्चा उत्तम चालली आहे, पण इथवर सगळे बोलणे एकाच प्रकारच्या घराभोवती फिरते आहे. १८६० च्या जनगणनेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली होती. त्यांनाही कुटुंबे होती, आणि दक्षिणेतील शेती मुख्यतः त्यांच्याच अंगावर होती. ताई, तुमच्या मांडणीत हा भाग शेवटी पुरवणीसारखा न येता आरंभीच यावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

खंदक आणि तटबंदी बांधण्यासाठी दक्षिणेचे सरकार मळ्यांवरील गुलाम पुरुषांना सक्तीने नेत असे. उत्तरेचे सैन्य जवळ आले की मालक आपल्या गुलामांना दूर टेक्ससकडे हलवीत, आणि त्यात नवरा-बायको, माय-लेकरे यांची कायमची ताटातूट होई. दुसरीकडे, फुटलेल्या राज्यांतील गुलामांसाठी लिंकन यांनी केलेल्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेनंतर सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. त्यांना जून १८६४ पर्यंत गोऱ्या सैनिकाच्या १३ डॉलरऐवजी १० डॉलर मिळत आणि त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात. पैशांपेक्षाही मोठी काळजी मागे राहिलेल्या बायकामुलांची होती. केंटकी राज्य उत्तरेच्या बाजूला असल्याने मुक्तीची घोषणा तिथे लागूच नव्हती. नवरा भरती झाला की मालक त्याच्या कुटुंबाला बडवीत किंवा हाकलून देत, म्हणून ही कुटुंबे कॅम्प नेल्सन या लष्करी तळाच्या आसऱ्याला आली. नोव्हेंबर १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, तळावरील अधिकाऱ्यांनी सुमारे ४०० बायकामुलांना गाड्यांत घालून बाहेर काढले आणि त्यांच्या झोपड्या मोडल्या. त्यांतील १०२ जण दगावले. हा प्रकार वृत्तपत्रांत आल्यावर गदारोळ झाला आणि ३ मार्च १८६५ च्या कायद्याने सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त केले गेले.

आणि शेतीच्या अंगाने विचारता आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील पोर्ट रॉयल परिसरातील बेटांवरून नोव्हेंबर १८६१ मध्ये मळ्यांचे मालक पळून गेले. मागे राहिलेल्या माणसांनी आपल्या मनाने पहिली पेरणी केली ती मक्याची आणि रताळ्यांची. उत्तरेहून आलेल्या अधिकाऱ्यांना कापूस हवा होता, आणि कापसाची लागवड करून घेताना त्यांना बराच विरोध सहन करावा लागला. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचे जनरल शर्मन यांच्या आदेशाने किनारपट्टीवरील जमिनीतून कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटप सुरू झाले, पण त्याच वर्षाच्या अखेरीस लिंकन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली.

निफाडकर

गोदातीर ताईंचे म्हणणे पटले. त्याला जोडून शेवटच्या वर्षाचे थोडे सांगतो. व्हर्जिनियातील शेनँडोआ खोरे गव्हासाठी प्रसिद्ध होते. १८६४ च्या शरद ऋतूत उत्तरेचे जनरल शेरिडन यांनी तिथे पद्धतशीर जाळपोळ केली. गहू, चारा आणि अवजारे भरलेली २००० हून अधिक कोठारे आणि ७० हून अधिक गिरण्या नष्ट केल्याचे त्यांनी स्वतःच कळवले. त्या खोऱ्यात मेनोनाइट आणि डंकर पंथांचे शेतकरी बरेच होते. त्यांना धर्माने युद्ध वर्ज्य होते, बहुतेकांना गुलामगिरीही मान्य नव्हती, आणि दक्षिणेच्या सरकारनेही त्यांना कमी छळले नव्हते. त्यांचीही कोठारे जळाली. शर्मन यांच्या जॉर्जियातील मोहिमेविषयी सगळेच बोलतात, म्हणून तिच्यात शिरत नाही.

मालेगाव पंचक्रोशी

आपल्या भागाचा संबंध कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्या थंडावल्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी खानदेश, वऱ्हाड, धारवाडचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला. थळ घाटातील रेल्वे १८६५ च्या आरंभी सुरू झाली. तोवर घाट उतरायला आग्रा रस्त्यावरील बैलगाड्यांवाचून गत्यंतर नव्हते. भाव चढले तसे धान्यही महागले, त्यामुळे कापूस पिकवणाऱ्याच्या हाती पैसा आला तरी मजुराच्या घरात ओढच राहिली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि मुंबईतील प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांचे सट्ट्याचे डोलारेही त्याच वर्षी खाली आले.

ताई, तुमच्या मांडणीसाठी मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते तिकडच्या लहान शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हे. युद्धापूर्वी मका आणि डुकरांवर जगणारा हा माणूस परतला तेव्हा खेचर नव्हते, कुंपणे मोडली होती, कागदी पैसा रद्दी झाला होता. बी-बियाणे आणि खाणे उधार देणारा दुकानदार येणाऱ्या पिकावर बोजा चढवी, आणि बोजा कापसावरच चढवी, कारण हमखास विकला जाणारा माल तोच होता. त्यामुळे जो घरच्या खाण्याची सोय झाल्यावरच थोडा कापूस लावीत असे, तो आता कापूस लावून मका विकत घेऊ लागला. मुक्त झालेली, पण जमीन न मिळालेली कृष्णवर्णीय कुटुंबे बटाईने त्याच कापसात अडकली. १८८० च्या सुमारास कापसाचे उत्पादन युद्धापूर्वीच्या पातळीवर पोचले, ते या दोघांच्या कर्जावर. तुमच्या मंडळातील द्राक्षवाल्यांना दुकानाच्या उधारीवर औषधे उचलण्याचा हिशेब ठाऊक असल्याने हा भाग त्यांना फार समजावावा लागणार नाही.